गाव किती वाजता भेटतं?

बयो,

परवा तुझ्या आईचा फोन आला होता. "वन्सं, हिला ऑडिटची नोकरी लागलीय आणि महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस फिरती आहे म्हणे. तुमचा जन्म फिरतीत गेला, चार गोष्टी सांगा हिला." जन्म नाही गं, ३२ वर्षं. १९८१ ते २०१३, विम्याच्या अंतर्गत तपासणी खात्यात. गावोगावच्या शाखांत जायचं, दहा ते सहा व्हाऊचरं चाळायची, रात्री लॉजच्या पिवळ्या दिव्याखाली अहवाल लिहायचा आणि मिळेल ती गाडी पकडून घरी यायचं. काम कसं करायचं ते तुझे साहेब शिकवतील. मी सांगणार आहे ते उरलेल्या तासांचं.

माझी पहिली फिरती इंदूरची, १९८२ साली. बरोबर आमचे वरिष्ठ होते, त्यांना सगळं खातं अण्णा म्हणायचं. प्रवासानं अंग आंबलेलं, मी मेल्यासारखी झोपलेली आणि सकाळी सहाला दारावर थाप. उघडलं तर अण्णा धोतर-कोट घालून उभे. म्हणाले, "कीर्द दहाला उघडते, गाव सहाला उघडतं. चला." राजवाड्यासमोर एका गाडीवर पोहे घेतले. आपल्यासारखे फोडणीत परतलेले नव्हेत; उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेत ठेवलेले, वरून बारीक शेव, कांदा, डाळिंबाचे दाणे आणि जिरावण नावाचा मसाला. दुसऱ्या हातात गरम जिलबी. पोह्यांबरोबर जिलबी कोण खातं, असं माझ्या तोंडावर आलं होतं. दुसऱ्या घासाला ते मी गिळलं. समोर सात मजली राजवाडा, खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. "आतून बघायचा?" मी विचारलं. अण्णांनी घड्याळ बघितलं. "आतून पुढच्या खेपेला. आज नुसतं उजेड चढताना बघा." परत येताना म्हणाले, "फिरतीवरच्या माणसाला गाव दिवसा भेटत नाही. दिवस कंपनीचा. एक तर पहाटे भेटतं, नाहीतर रात्री. कुठलं गाव किती वाजता भेटतं तेवढं ओळखायला शिका."

बाकी सगळं मी पुढं जोडलेलं आहे. पण मूळ मंत्र हा, तो अण्णांचा.

आधी वार बघ

पहिल्या पाच वर्षांत माझे निम्मे हेलपाटे फुकट गेले ते वारामुळे. हैदराबादला सालारजंग म्युझियम बघायचं म्हणून कामं भराभर उरकली, शुक्रवारी दुपार मोकळी काढली, रिक्षा करून गेले आणि फाटकाला कुलूप. सालारजंगची सुट्टी शुक्रवारी असते, हे कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. आपल्या डोक्यात 'म्युझियम म्हणजे सोमवार' असं पक्कं बसलेलं असतं. दिल्लीच्या लाल किल्ल्याला आणि कोलकात्याच्या इंडियन म्युझियमला सोमवारची सुट्टी असतेच. आग्र्याचा ताज आणि चेन्नईचं एग्मोरचं म्युझियम मात्र शुक्रवारी बंद. कोचीच्या मट्टनचेरीतलं ज्यूंचं प्रार्थनास्थळ शनिवारी बंद, कारण तो त्यांचा शब्बाथ. तिकीट काढताना गाडीचा नंबर लिहितेस ना, त्याच्याच खाली बंदचा वार लिहायचा. तुला तर फोनवर सगळं दिसतं. फक्त निघण्याआधी बघायचं, दारात उभं राहून नाही.

वारानंतर दुपार. दक्षिणेत देवळांची दारं बाराच्या सुमाराला बंद होतात ती चारलाच उघडतात. त्रिचीची तपासणी लवकर आटोपली म्हणून मी बसनं तंजावरला गेले, दीडेक तासाचा रस्ता, आणि बरोब्बर एक वाजता मोठ्या देवळापुढं उतरले. तीन तास झाडाखाली काढले. दुसरा धडा चारनंतर मिळाला: चपला बाहेर काढून आत गेले आणि दिवसभर तापलेल्या दगडांवर अक्षरशः नाचले. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये सुती मोज्यांचा एक जुना जोड असतो. हसू नकोस. साठ रुपयांच्या त्या मोज्यांनी मला अर्धा दक्षिण भारत दाखवला.

हिशेब उलटा मांड

परगावी वेळ मिळत नाही. तो ताळेबंदातून काढावा लागतो आणि तो शेवटून मांडायचा. समज, गाडी रात्री साडेनऊची. स्टेशनवर नऊला. जेवण साडेआठला. लॉजवरून सामान घेऊन आठला निघायचं. म्हणजे सहाला शाखेतून बाहेर पडलीस तर दोन तास हातात, त्यातला अर्धा तास जाण्यायेण्यात. उरला दीड. दीड तासात जे नीट होतं तेवढंच मनात धर. पुढून मोजायला बसलीस, की आधी हे मग ते करत, तर गाडी चुकते. माझी चुकलेली आहे आणि वेटिंग रूमच्या बाकावर काढलेली ती रात्र कुठल्याही भत्त्यात बसली नाही.

शेवटच्या दिवशी लॉज सकाळीच सोडावा लागतो. मग बॅग उरावर घेऊन फिरू नकोस. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेव; तिकीट दाखवावं लागतं आणि बॅगेला कुलूप लागतं, म्हणून छोटं कुलूप कायम जवळ असू दे. आणि मुक्काम निवडताना चकचकीत लॉबी बघू नकोस. जुन्या पेठेत चालत जाता येईल असा मुक्काम घे. हमरस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलात खोली छान मिळते, पण सकाळी सहाला बाहेर पडलीस तर समोर नुसता उड्डाणपूल.

साहेबाला नको, शिपायाला विचार

शाखेच्या साहेबाला "इथं बघण्यासारखं काय आहे?" असं विचारलं, की तो एक यादी म्हणून दाखवतो. ती यादी त्यालाही पाठ असते आणि आपल्यालाही. बहुतेकदा साहेब स्वतःच बदलीवर आलेला असतो, त्यानंही ते बघितलेलं नसतं. गाव ठाऊक असतं शिपायाला, चहा आणणाऱ्या पोऱ्याला, झाडलोट करणाऱ्या मावशींना. आणि प्रश्नही बदल. मी विचारायची, "तुमच्याकडे पाहुणे राहायला आले तर त्यांना सकाळी काय खायला घालता? संध्याकाळी कुठं नेता?"

अहमदाबादला याच प्रश्नावर मला माणेकचौक मिळाला. शिपाई म्हणाला, "बेन, एकदा जाऊन उपयोग नाही, तीनदा जावं लागेल." मला वाटलं लांबण लावतोय. खरंच तीनदा गेले. सकाळी तिथं गाईंसाठी चारा विकायला बसतात. लोक येऊन पेंढी विकत घेतात आणि तिथल्याच गाईंना घालून पुण्य पदरात पाडून घेतात. दुपारी त्याच चौकात सोन्याचांदीचा बाजार. दुकानं बंद झाली की रात्री तिथंच खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्रीनंतरही माणसं हलत नाहीत. एकच चौक, तीन वेळा, तीन गावं. कुठल्याही यादीत 'माणेकचौक' एवढं एकच नाव असेल आणि तू भर दुपारी जाऊन, हे काय, सराफांची दुकानं, म्हणून परतशील.

त्याच शहरात महापालिकेची हेरिटेज वॉक १९९७ पासून चालते. सकाळी कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघते आणि पोळांमधून, म्हणजे आपल्या वाड्यांच्या बोळांसारख्या वस्त्यांमधून, जामा मशिदीपाशी संपते. सकाळीच पुरी होते. पोळांमधले पक्ष्यांना दाणे घालायचे उंच, नक्षीदार खांब बघ. त्यांना चबुतरा म्हणतात. आपल्याकडं चबुतरा म्हणजे ओटा. तिथं तो पाखरांचा.

एकच. सात नको

एकदा एका मोठ्या शहरात रविवार मधे आला. मी 'सात ठिकाणं, एक दिवस' अशा बसमध्ये बसले. गाइड घड्याळ बघत शिट्टी वाजवायचा. त्या दिवसातलं मला आज काय आठवतं सांगू? पुढच्या सीटचं फाटलेलं रेक्झिन.

त्यानंतर हैदराबादला परत गेले तेव्हा शुक्रवार सोडून गेले आणि एकच ठरवलं: सालारजंगमधलं घड्याळ. तिथं एक जुनं इंग्रजी घड्याळ आहे, दर तासाला त्यातून दाढीवाला चिमुकला माणूस बाहेर येतो, घंटेवर तासाचे ठोके देतो आणि आत जातो. बाराला सगळ्यात जास्त ठोके, म्हणून बाराला सगळ्यात जास्त गर्दी. मी पावणेबाराला जाऊन बसले. हळूहळू अंगण भरलं. शाळेची पोरं, बुरख्यातल्या आज्या, गावाकडून आलेली शेतकरी जोडपी, सगळी एका घड्याळाकडं तोंड करून. बारा ठोके सगळ्यांनी ओठांत मोजले. तेरावा पडला नाही तेव्हा एक म्हातारा जोरात हसला आणि सगळं अंगण हसलं. मी संगमरवरी पुतळ्यावरचा तो बुरखा बघितला नाही, हस्तिदंत बघितलं नाही. माझी अजिबात तक्रार नाही. बाहेर पडून इराणी हॉटेलात चहा आणि उस्मानिया बिस्किट घेतलं, आणि दोनला शाखेत हजर.

पोचवणारं वाहन हेच बघण्याचं ठिकाण

वेळ कमी असला की जाण्यायेण्यातच गाव बघायचं. कोलकात्याला हावडा स्टेशनवर उतरलीस आणि काम डलहौसी भागात असेल, तर टॅक्सीच्या रांगेत उभी राहू नकोस. स्टेशनसमोरच फेरीघाट आहे. तिथून बाबूंच्या गर्दीत शिरून फेअर्ली घाटाची लाँच पकड. दहाएक मिनिटांत हुगळीपार. डावीकडं हावडा ब्रिज संपूर्ण दिसतो. पुलावरून जाणाऱ्याला पूल कधीच दिसत नाही. १९४३ साली वाहतुकीला खुला झालेला हा पूल नट-बोल्ट न वापरता सगळा रिव्हेटनी जोडलाय, हे मला लाँचमधल्या एका बाबूनं सांगितलं, तेही आपल्याच घराचं कौतुक सांगावं तसं. आता २०२४ पासून हुगळीच्या खालून मेट्रोही जाते. जाताना पाण्यावरून जा, येताना पाण्याखालून ये.

आणि गाडी पहाटे पोचणारी असेल तर आधी पुलाच्या कोलकात्याकडच्या टोकाखाली मल्लिक घाटाचा फुलबाजार. झेंडूच्या माळा फुलं म्हणून विकत नाहीत तिथं, दोरखंडासारख्या गुंडाळून डोक्यावरून नेतात. हमालांच्या वाटेत उभी राहू नकोस. एका बाजूला, भिंतीला पाठ लावून दहा मिनिटं थांबलीस तर सगळा बाजार तुझ्या पुढून जातो. नऊनंतर जाऊ नकोस. नऊनंतर तिथं उरतो तो चिखल.

कोचीतही तसंच. एर्नाकुलमच्या जेटीवरून फोर्ट कोचीची साधी बोट. रस्त्यानं गेलीस तर पूल, सिग्नल, घाम. बोटीनं वीसेक मिनिटं, तिकीट चहापेक्षा स्वस्त, आणि संध्याकाळी उतरलीस की चिनी जाळी खाली-वर होताना दिसतात.

एकटीनं जेवणं

तुझ्या आईची खरी काळजी इथं आहे, म्हणून जरा सविस्तर.

आमच्या काळी एकटी बाई हॉटेलात शिरली की वेटर तिला 'फॅमिली रूम'च्या पडद्याआड बसवायचा. मी पडदा बाजूला सारून बसायची, तेवढंच माझं बंड. आता पडदे गेले, बघणारी नजर थोडीफार उरलीच आहे. तिच्यावर उपाय एक: ज्या ठिकाणी बायका आणि पोरं जेवतायत तिथं बस. रात्रीच्या बाजारात जायचं तर अशाच वेळी जा, जेव्हा घरची घरं बाहेर पडलेली असतात. इंदूरचा सराफा दुकानं बंद झाल्यावर रात्री नऊच्या पुढं रंगतो. तिथं आज्यांपासून कडेवरच्या पोरांपर्यंत सगळे भुट्ट्याचा कीस आणि थंडीत तळलेले गराडू खात असतात. मी तरी शाखेतल्या दोघी मुलींना घेऊन जायची. त्यांनाही बाहेर पडायला निमित्त हवंच असतं.

बाकी नियम सोपे. रात्री जायच्या वाटेवरून दिवसा एकदा चालून ये. परतीची रिक्षा आधी ठरव. गाडीचा नंबर घरी कळव, आणि कळवलास हे चालकाला ऐकू जाऊ दे. स्वच्छतागृहाची सोय बघून ठेव: मोठं म्युझियम, स्टेशनचं बायकांचं वेटिंग रूम, सरकारी एम्पोरियम. पहिल्या दिवशी नवं काहीही थोडंच खा; दुसऱ्या दिवशी पोटानं कौल दिला की मग हात मोकळा सोड. पोट बिघडलेल्या तपासनिसाला शाखेचा कारकूनही गंडवतो.

डिसेंबरात चेन्नईची फिरती लागली तर नशीब समज. मार्गळीच्या मोसमात सभागृहासभागृहांत कर्नाटक संगीताच्या मैफली असतात. संध्याकाळी नावाजलेले गवई आणि महाग तिकिटं. पण दुपारच्या बऱ्याच मैफलींना तिकीटच नसतं, नवी मुलं-मुली गातात. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास मागं बसावं, आणि जेवण सभागृहाच्या कॅन्टीनमध्येच, केळीच्या पानावर. तिथं एकट्या जेवणाऱ्या बाईकडं कुणी बघत नाही. सगळे कालच्या गाण्याचं उणंदुणं काढण्यात गुंतलेले असतात.

आपलं नाव दुसऱ्याच्या गावात

परगावी गेल्यावर मराठी माणूस आधी मराठी पाटी शोधतो, मग साबुदाण्याची खिचडी. मीही शोधली. पण दोनदा आपलंच नाव मला भलत्या बाजूनं भेटलं, ते सांगते.

कोलकात्याच्या शाखेतल्या हेडक्लार्क दादांनी रविवारी जेवायला बोलावलं. घर उत्तरेला, बागबाजारात. जेवण झालं, मासा, भात, शेवटी मातीच्या भांड्यातलं मिष्टी दोई. आतल्या खोलीत आजी नातवाला थोपटत गात होत्या. सुरात मला एकच शब्द कळला, 'बोर्गी'. अर्थ विचारला तर दादा अवघडले आणि वहिनी हसायला लागल्या. "बोर्गी म्हणजे तुम्ही!" बारगीर या शब्दाचं ते बंगाली रूप. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. त्यांनी गावं लुटली, शेतं जाळली. ती दहशत अंगाईत जाऊन बसली: बोर्गी आले, आता सारा कुठून भरायचा. इंग्रजांनी त्याच भीतीनं कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला, मराठा डिच. तो पुरा झालाच नाही, पुढं बुजवून त्याच्यावर रस्ता केला. दादांनी संध्याकाळी मला एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी नेलं. पाटीवर नाव होतं: मराठा डिच लेन.

शाळेत आपण अटकेपार झेंडे लावले एवढंच वाचलेलं. त्या पाटीखाली उभं राहून मला पहिल्यांदा कळलं, की आपण कुणाच्या तरी अंगाईतला बागुलबुवाही आहोत. आजींनी निरोप देताना माझ्या गालावरून हात फिरवला आणि दादांना काहीतरी म्हणाल्या. दादांनी भाषांतर केलं: "बोर्गी फारच कमी जेवते."

दुसरी गोष्ट तंजावरची, त्याच तापलेल्या दगडांवरची. चारला दार उघडलं. राजराज चोळानं १०१० मध्ये पुरं केलेलं हे देऊळ, शिखर दोनशे फुटांच्या वर. उतरतं ऊन त्याच्यावर पडलं की दगड गुळाच्या ढेपेसारखा दिसतो. प्राकारातून भिंतीच्या कडेकडेनं चालत होते, सगळीकडं तमिळ अक्षरं कोरलेली, मला त्यातलं एकही वाचता येईना. आणि अचानक वाचता यायला लागलं. मराठी! भोसले घराण्याची हकीकत, सरफोजीराजांनी १८०३ साली कोरून घेतलेली, भिंत संपेपर्यंत चाललेली. शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमाराला तिथं गादी स्थापली, ती १८५५ पर्यंत टिकली. मी बोट न लावता, अक्षरावरून नजर फिरवत मोठ्यानं वाचायला लागले. फुलं विकणारी एक बाई टोपली खाली ठेवून ऐकत उभी राहिली. तिला एक शब्द कळत नव्हता. रोज त्या भिंतीपाशी बसून तिनं ती अक्षरं पाहिली असतील, त्यांचा आवाज तिनं बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. निघताना तिनं माझ्या वेणीत अबोलीचा गजरा माळला, पैसे घेतले नाहीत.

तेव्हा आपलं नाव शोध, जरूर शोध. पण ते कुणी कुठल्या सुरात घेतं तेही ऐकून ये.

टी.ए. बिल आणि पिशवी

तू दुसऱ्यांची बिलं तपासणार, म्हणून सांगते. फिरायला गेलेल्या रिक्षाचं भाडं कंपनीच्या बिलात कधी घालू नकोस. रक्कम वीस रुपयांची असेल, पण मग माणेकचौकाची ती रात्र 'स्थानिक प्रवास' होऊन बसते. स्वतःच्या पैशानं बघितलेलं आपलं असतं.

घरी आणायचं ते तिथली माणसं रोज वापरतात तेच आण, आणि टिकणारं आण. इंदूरहून जिरावण, तंजावरहून मान डोलावणारी बाहुली. थंडीत कोलकात्याहून नोलेन गुड, म्हणजे खजुराच्या रसाचा नवा गूळ. पण त्याचे संदेश गाडीत दोन दिवस काढत नाहीत, ते तिथंच खाऊन ये. 'सुवेनिर' अशी पाटी लावलेल्या दुकानात पाऊल टाकू नकोस. चेन्नईहून कॉफीचा डबरा-पेला आणलास, तर मला एक जोड.

आणि एक पातळशी वही ठेव. पानावर गावाचं नाव, तारीख, एक ओळ. फोटो हजार काढशील गं, सहा महिन्यांनी कुठला कुठला ते कळणार नाही. माझ्या वहीत हैदराबादच्या पानावर एवढंच लिहिलंय: 'तेरावा पडला नाही.' मला सगळं अंगण दिसतं.

पुढची खेप

आता शेवटचं. हा अण्णांचा मंत्र नाही, अण्णांच्या चुकीतून मी घेतलेला.

राजवाडा आतून पुढच्या खेपेला बघू, असं अण्णा म्हणाले होते. माझी पुढची खेप १९८६ साली पडली. मधे १९८४ च्या नोव्हेंबरात दंगल झाली, राजवाड्याला आग लावली गेली. दर्शनी भाग वाचला, मागचा पुष्कळसा जळून गेला. मी सकाळी सहाला त्याच जागी उभी राहिले. पुढून तोच सात मजली राजवाडा, तोच उजेड चढत होता. पोह्यांची गाडी तीच. पण दारातून आत नजर गेली, तर जिथं लाकडी खांब, सज्जे असणार होते तिथं आभाळ दिसत होतं. पुढं कित्येक वर्षांनी तो पुन्हा बांधला, तोही मी बघितला, चांगला बांधलाय. पण १९८२ चा माझा बघायचा राहिला. दार उघडायला थांबावं लागलं असतं तेवढंच, आणि शाखेत अर्धा तास उशिरा गेलो असतो तर विमा व्यवसाय बुडणार नव्हता.

अण्णा तोवर निवृत्त झाले होते. मी त्यांना पोस्टकार्ड टाकलं. उत्तर आलं, दोन ओळींचं: "वेळ ओळखायला शिकवलं, थांबायला शिकवायचं राहिलं. ते तुम्ही कुणाला तरी शिकवा."

म्हणून तुला सांगते. पहाटे जा, एकच बघ, पण दार उघडणार असेल तर थांब.

तुझी पहिली फिरती कुठली आहे ते अजून कळवलं नाहीस. कळव. आणि परत आलीस की मला फोन कर. काय काय बघितलंस ते नको सांगूस, ते मला कुठंही वाचायला मिळेल. किती वाजता बघितलंस, तेवढं सांग.

तुझी,
आत्या